रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंच

“उन्हाळी लागली असेल, धण्याचं पाणी पी.” ओटीपोट दुखतं, सारखी लघवीला लागते, असं म्हटलं की घरचा पहिला सल्ला हाच. मग युरिन इन्फेक्शनच्या गोळ्या. जंतू असतील तर त्या लागू पडतातच. पण लघवीच्या कल्चर तपासणीत जंतू नाहीत आणि दुखणं सहा आठवड्यांहून जास्त टिकलंय, तर ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’चा, म्हणजे मूत्राशयाच्या चिवट दुखण्याचा, विचार करावा लागतो. अँटिबायोटिकच्या चौथ्या कोर्सने ते बरं होत नाही. मात्र मुतखडा, क्षयरोग, एंडोमेट्रिओसिस यांपैकी काही नाही ना, हे आधी तपासायलाच हवं. लघवीतून रक्त गेलं तर लगेच.

“रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे मनाचे खेळ” हे वाक्य फार जिव्हारी लागतं. सोनोग्राफीत वेदना दिसत नाही. गाय हनर या अमेरिकी डॉक्टरांनी १९१५ मध्ये अशा रुग्णांच्या मूत्राशयातले व्रण नोंदवले. दुर्बिणीतून ते दिसतात, पण थोड्याच जणांमध्ये. बाकीच्यांचं दुखणंही तितकंच खरं. ताणाने ते वाढतं, पण म्हणून ते काल्पनिक ठरत नाही.

माझ्या ओळखीच्या एक बाई एसटीत चढण्याआधी कंडक्टरला विचारून घेतात, गाडी कुठे आणि किती वेळ थांबणार. बसतात दाराजवळ. मूत्राशय भरत जातं तशी कळ वाढते, रिकामं झालं की थोडा वेळ सुटका. लग्नघरी गेल्यावर त्या आधी बाथरूम शोधतात. रात्री चार-पाचदा उठणं, नवऱ्याजवळ जायची धास्ती, हे त्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत.

प्रवासाच्या दिवशी त्या पाणीच पीत नाहीत. इथे मात्र त्यांचं चुकतं: लघवी दाट होते आणि आग वाढते. दिवसभर थोडं थोडं पाणी प्यावं. चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, तिखट यांतलं आपल्याला काय बाधतं ते एकेक बंद करून पाहावं. सगळंच सोडायची गरज नसते.

स्नायू आवळण्याचे कीगल व्यायामही सरसकट करू नयेत. अनेकांचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना ते सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी लागते. पुरुषांनाही हे दुखणं होतं. त्यांना बहुतेकदा प्रोस्टेटच्या गोळ्या मिळत राहतात.

आता त्या बाईंच्या पर्समध्ये एक छोटी वही असते. किती वाजता, किती मिली, किती दुखलं, आधी काय खाल्लं. तीन दिवसांच्या त्या नोंदी त्यांनी युरॉलॉजिस्टच्या टेबलावर ठेवल्या, आणि मनावर घेऊ नका असं या वेळी कुणी म्हणालं नाही.