बाळंतीण सांगते, पण ऐकतं कोण?

सेरेना विल्यम्स मुलांना टेनिसमुळे माहीत असते. तिच्या बाळंतपणाची गोष्टही वर्गात जरूर सांगा. २०१७ साली सिझेरियननंतर दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास आधी झालेला, म्हणून तिने स्वतःच सीटी स्कॅन मागितला. नर्सला वाटलं, औषधाने ही गोंधळली असेल. आधी पायांची सोनोग्राफी केली. शेवटी स्कॅनमध्ये गुठळ्याच निघाल्या! एवढ्या नावाजलेल्या बाईची ही गत. मग गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय बाईचं काय? अमेरिकेत २०२१ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या २६.६. याचं मूळ कातडीत नाही. विमा नसणं, जवळ दवाखाना नसणं आणि हे असं दुर्लक्ष, यांत आहे. म्हणून काही ठिकाणी वस्तीतल्याच प्रशिक्षित बायका (त्यांना 'डूला' म्हणतात) बाळंतिणीसोबत दवाखान्यात थांबतात, तिचं म्हणणं डॉक्टरांच्या कानावर घालतात.