सफाई कामगाराची तपासणी कामाप्रमाणे व्हावी

महापालिका-नगरपरिषदांच्या हजेरी चौकीवर अधूनमधून आरोग्य शिबिर होते. रक्तदाब मोजतात, बोटातून रक्त घेऊन साखर पाहतात, गोळ्या देतात आणि बॅनरसमोर फोटो निघतो. रक्तदाब-साखर पाहिलीच पाहिजे. पण रोज कचरा, गटार आणि मैला हाताळणाऱ्या माणसाची तपासणी तिथेच संपत असेल तर ती अपुरी आहे, असे आम्हाला वाटते. या कामात आपले बंधू-भगिनी मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे.

कामाप्रमाणे तपासणी म्हणजे काय?

झाडताना धूळ छातीत जाते. म्हणून छातीचा एक्स-रे आणि नळीत फुंकून होणारी फुप्फुसाची तपासणी हवी. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी आणि औषध मोफत आहे.

कचऱ्यातल्या सुया-काचा हाताला लागतात. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस घेतलेले असावेत. दुसरा डोस पहिल्यानंतर एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी.

पावसाळ्यात उंदराच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिस देते. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसताच डॉक्टरांना आपले काम सांगावे. नुसते ‘ताप आला’ म्हणू नये. शिबिरात त्वचा, डोळे आणि पाठ-गुडघेही पाहिले जावेत. तिशीनंतर भगिनींनी स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.

अनेक जण तपासणीच टाळतात. ‘अनफिट’ ठरलो तर नोकरी जाईल, ही भीती असते. ही भीती समजून घेऊ, पण कायदाही माहीत करून घेऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला काढता येत नाही की खालच्या पदावर नेता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. स्थानिक स्वराज्य संस्थांनाही हे लागू आहे.

कंत्राटी कामगार मात्र पुष्कळदा शिबिराच्या यादीतच नसतो. घाण तीच, धोका तोच, मग तपासणी वेगळी का? मास्क, हातमोजे, बूट आणि रेनकोट घनकचरा हाताळणाऱ्या सर्व कामगारांना मिळावेत, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. तपासणीलाही तोच न्याय हवा. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर कार्ड मागून घ्या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. ते कार्ड खिशात असून न वापरणे आपल्याला परवडणारे नाही.

आमची विनंती एवढीच. प्रत्येक तपासणीचा लेखी रिपोर्ट मागा आणि घरी एका फाइलमध्ये ठेवा. पुढे आजार कामामुळे झाला हे दाखवायला हाच कागद उपयोगी पडतो. रविवारच्या वंदनेनंतर विहारात शिकलेल्या मुलामुलींनी तासभर बसून हे रिपोर्ट वाचून द्यावेत आणि कुणाला डॉक्टरकडे जायला हवे ते सांगावे. आजारी भिक्खूची शुश्रूषा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली होती. आपण निदान त्याचा कागद तरी वाचू.