नॅनोची धूळ कुणाच्या छातीत?

'नॅनो' म्हटले की आपल्याकडे अजून छोटी मोटार आठवते. मुळात हा शब्द मापाचा आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. शंभर नॅनोमीटरच्या आतले कण घडवण्याची आणि वापरण्याची विद्या म्हणजे नॅनो-तंत्रज्ञान. रंग, कापड, औषधे, खते, सगळीकडे ती शिरली आहे. केंद्र सरकारने २००७ साली तिच्यासाठी 'नॅनो मिशन' सुरू केले. तिचे गोडवे पुष्कळ गाऊन झाले. पण ही पूड पिंपातून उपसणाऱ्या माणसाचे काय होते, हे आपण विचारायचे की नाही?

पदार्थ बारीक केला की त्याचा स्वभाव बदलतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. तोच घन एकेका नॅनोमीटरच्या तुकड्यांत फोडला, तर पृष्ठभाग ६ हजार चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ दीड एकर. वजन तेवढेच, पण शरीराला भिडणारे अंग दीड एकराचे! हवेत अमुक इतके मिलिग्रॅम धूळ चालेल, असे वजनावर बांधलेले नियम इथे अपुरे पडतात ते यामुळे.

जाड धूळ नाकात, घशात अडते आणि खाकरून बाहेर पडते. हे कण फुप्फुसातल्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जातात; काही तिथून रक्तातही उतरतात. कार्बनच्या लांब, ताठ नॅनोनळ्या उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारख्या वागतात, असे २००८ साली दिसून आले. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यातल्या एका प्रकाराला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्यांच्या यादीत टाकले. चीनमधल्या सात कामगार स्त्रियांची हकीकत २००९ साली प्रसिद्ध झाली. त्या रंग फवारण्याच्या खोलीत काम करीत. हवा खेचणारे यंत्र बंद पडलेले, थंडीमुळे दार लावलेले, तोंडाला सुती जाळी आणि तीही कधीमधी. सातही जणींची फुप्फुसे बिघडली, दोघी मेल्या. त्यांच्या फुप्फुसांत नॅनोकण सापडले. दोष एकट्या कणांचा की कोंडलेल्या वाफांचाही, यावर तज्ज्ञांनी वाद घातला. यंत्र दुरुस्त का झाले नाही, हा प्रश्न मात्र तज्ज्ञांच्या अखत्यारीतला नव्हता.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, म्हणून आपल्या खालापूर तालुक्यातल्या साजगावकडे पाहू. बोंबल्या विठोबाच्या जत्रेचे हे गाव खोपोलीला लागून, पोलाद आणि रसायनांच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आहे. नॅनोकण काही प्रयोगशाळेतूनच येतात असे नाही. वेल्डिंगच्या ठिणगीतून आणि भट्टीच्या धुरातून त्याच मापाचे कण उडतात. वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा त्याच संस्थेने २०१७ साली दिला. म्हणजे नाव नवे, धूळ जुनी. माझे वडील भट्टीवर होते; नाकावर रुमाल बांधीत. चांगल्या प्रतीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हे कण बऱ्याच अंशी अडवतो, रुमाल अडवत नाही. तेव्हा सवाल केवळ विज्ञानाचा नाही, मास्कच्या किमतीचाही आहे.

पाण्याचेही तसेच. जंतू मारण्यासाठी कापडात घातलेली नॅनो-चांदी धुण्याबरोबर वाहून जाते. ती मातीतल्या आणि सांडपाण्यातल्या उपयोगी जंतूंनाही सोडत नाही. खोपोलीच्या वीजकेंद्रातून सुटलेले पाणी घेऊन पाताळगंगा खाली उतरते. अशा नदीचे पाणी तपासताना विरघळलेला प्राणवायू, आम्लता वगैरे मोजतात. कणांचे माप नेहमीच्या तपासणीत येत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. १९४६ साली कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात धोक्याची माहिती मिळवण्याचा कामगाराचा हक्क लिहिला गेला. त्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेने घेतली. आपल्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क तिच्यातही आहे. प्रत्येक रसायनाबरोबर सुरक्षा-माहितीपत्रक येते. ते बहुधा इंग्रजीत असते आणि ऑफिसच्या कपाटात राहते. कार्यकर्त्यांनी ते मागावे, विद्यार्थ्यांनी मराठीत उतरवून गेटवर वाचून दाखवावे. कंत्राटी कामगाराची आरोग्यनोंद कुणाकडे आहे, तेही त्याच वेळी विचारावे. ठेकेदार बदलला की हजेरीपट नवा होतो. छाती तीच असते.