पटिघ : चिडचिडीसाठी पाली भाषेतील एक शब्द

मराठीतील ‘चिडचिड’ या शब्दाला पालीतील सर्वांत जवळचा शब्द ‘पटिघ’ हा होय. ‘पटि’ म्हणजे विरुद्ध आणि ‘हन्’ म्हणजे आदळणे, मारणे. यांतून तो सिद्ध झाला. आपले ‘आघात’, ‘प्रतिघात’ हे शब्दही त्याच धातूचे. ‘कोध’ म्हणजे उसळलेला राग, ‘उपनाह’ म्हणजे मनात धरून ठेवलेला राग. पटिघात काहीतरी मनावर येऊन आदळते आणि मन त्याला उलट रेटू लागते. इंद्रियांवर विषयांचा जो आघात होतो, त्यालाही पालीत हाच शब्द आहे. तेथे त्यात दोषाचा लवलेश नाही.

अभिधम्माने द्वेषमूलक चित्ते दोनच मानली : एक आपणहून उठणारे, दुसरे प्रेरणेने उठणारे. दोन्ही पटिघयुक्त आणि दोन्हींसोबतची वेदना एकच, ‘दोमनस्स’, म्हणजे मनाचे दुःख. चिडलेला माणूस त्या क्षणी दुःखी असतो, हे येथे उपदेश म्हणून नव्हे, वर्गीकरण म्हणून नोंदले आहे. निवासी शाळेला ही नोंद फार मोलाची आहे, असे आम्हांला वाटते.

स्वतःविषयी आपण ‘माझी चिडचिड होते’ असे म्हणतो; दुसऱ्याविषयी मात्र ‘तो चिडकाच आहे’. पहिली अवस्था झाली, दुसरा स्वभाव ठरला. दहा वर्षांच्या मुलाला हे विशेषण चिकटले, की त्याची झोप झाली नाही, दाढ दुखते की घरची आठवण येते, हे विचारायचे राहून जाते.

मोठ्यांच्या पटिघाची कथा मज्झिमनिकायातील ककचूपमसुत्तात आहे. श्रावस्तीची वेदेहिका ही घरधनीण शांत, सौम्य म्हणून नावाजलेली. तिची दासी काली कामात चोख. बाईंना राग येतच नाही, की आपल्या कामामुळे तो दिसत नाही, हे पाहण्यासाठी ती मुद्दाम उशिरा उठू लागली. पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या पडल्या, दुसऱ्या दिवशी कठोर शब्द निघाले; तिसऱ्या दिवशी दाराचा अडसर कालीच्या डोक्यात बसला. रक्ताळलेले डोके तिने शेजाऱ्यांना दाखवले. वेदेहिकेची कीर्ती कालीच्या श्रमावर उभी होती.

दहा संयोजनांत पटिघ पाचवे. स्रोतापन्नाचेही ते सुटत नाही, सकदागामीचे केवळ क्षीण होते, तुटते ते अनागामीचेच. सहावीतल्या मुलाने ते संध्याकाळच्या वंदनेपर्यंत सोडावे, ही अपेक्षा जरा घाईचीच.