गेल्या वर्षी हा असा नव्हता

दुसरीतला मुलगा धडा वाचता वाचता मध्येच थांबतो. नजर शून्यात जाते, पापण्या किंचित फडफडतात. दहाएक सेकंदांनी तो पुन्हा वाचू लागतो, पण कुठे थांबलो होतो हे त्याला सापडत नाही. जूनमध्ये वर्गावर आलेल्या नव्या बाईंना वाटते, मूल तंद्रीत असते. पहिलीपासून त्याला शिकवणाऱ्या बाई मात्र म्हणतात, 'गेल्या वर्षी हा असा नव्हता.' डॉक्टरांना नेमकी हीच माहिती हवी असते.

ही 'अॅब्सेन्स' प्रकारची फिट असू शकते. ती बहुधा ४ ते १० वर्षे वयात सुरू होते आणि दिवसातून कितीतरी वेळा येते. मूल पडत नाही, हातपाय झटकत नाही, त्यामुळे घरीही लक्षात येत नाही. ईईजी तपासणीने निदान होते आणि बहुतेक मुलांना औषध लागू पडते. निदान राहिले, तर मूल 'ढ' ठरते.

नंबर लागलेले मूल फळ्याजवळ सरकते. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलेले मूल हाकेला ओ देत नाही. सतत लघवीला जायला मागणारे, पाण्याची बाटली सारखी रिकामी करणारे आणि महिन्याभरात सुकलेले मूल मधुमेही असू शकते; तिथे तर दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते. उरलेले दिवस पाहणार कोण? ज्याला मुलाचे नेहमीचे वागणे ठाऊक आहे, त्यालाच बदल दिसतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या वर्षीही तेच शिक्षक लाभलेल्या मुलांचे गुण थोडे, पण निश्चित वाढलेले आढळले. टेनेसीतील अभ्यासात अशा मुलांची गैरहजेरीही कमी दिसली. फायदा मोठा नाही, पण त्याला खर्चही जवळजवळ नाही.

आपल्याकडे हे नवे नाही. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत पहिलीचा वर्ग घेतलेले गुरुजी तोच वर्ग चौथीपर्यंत नेतात. द्विशिक्षकी शाळेत तर दुसरा पर्यायच नसतो. मध्येच बदली झाली, की ही ओळख गुरुजींबरोबरच निघून जाते.

याला दुसरी बाजू आहेच. एखाद्या मुलाचे शिक्षकांशी जमतच नसेल, तर चार वर्षे ही शिक्षा होते. शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखते आणि रविवारी दुखत नाही, असे सांगत पालक दवाखान्यात येतात. अशा मुलाची तुकडी बदलण्याची सोय हवी.

शिक्षक बदलणार असतील, तर जुन्या बाईंनी नव्या बाईंना प्रत्येक मुलाविषयी दोन ओळी लिहून द्याव्यात: कोण पुढच्या बाकावर बसतो, कोणाला धाप लागते, कोणाचा डबा भरलेलाच परत जातो. पालकांनीही फिट, दमा, ॲलर्जी आणि चालू औषधे यांची माहिती पहिल्याच आठवड्यात द्यावी, आणि तीही लेखी.