वेगमर्यादा वाचणारी गाडी: नव्वद टक्के कशाचे?

गेल्या लेखांकातला आपोआप लागणारा ब्रेक समोरचा अडथळा ओळखतो. अडथळा एक तर असतो किंवा नसतो. वेगमर्यादेचे तसे नाही. ती कायद्यात असते, रस्त्यावर दिसेलच असे नाही. युरोपीय संघात 7 जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. काचेमागचा कॅमेरा पाट्या वाचतो, बहुधा जोडीला डिजिटल नकाशा असतो, आणि दोन्हींचा मेळ घालून आकडा ठरतो. आपल्याकडच्या नव्या गाड्या ताशी 80 आणि 120 किलोमीटरला वाजतात, पण त्यांना पाटीशी देणेघेणे नाही. युरोपातली गाडी त्या त्या रस्त्याची मर्यादा सांगते, म्हणून तिच्यावर विसंबायचे किती, हे तपासावे लागते.

तिथला नियम म्हणतो, चाचणीत कापलेल्या अंतरापैकी किमान 90 टक्के अंतरावर मर्यादा बरोबर हवी. माझ्या मते ही मोजपट्टीच चुकीची आहे. महामार्गावर एकच मर्यादा मैलोन्‌मैल टिकते, तिथे गुण सहज मिळतात. चुका होतात त्या मर्यादा बदलते तिथे. जर्मनीत गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली की 50 ची मर्यादा सुरू होते, पाटीवर मात्र आकडा नसतो. कुठे आकड्याखाली ‘फक्त रात्री’ किंवा ‘रस्ता ओला असताना’ अशी जोडपाटी असते. फाट्यावर उतरणाऱ्यांसाठीची पाटी मुख्य रस्त्यावरच्या कॅमेऱ्यालाही दिसते, ट्रकच्या पाठीवर चिकटवलेला 80 चा गोलही दिसतो. दर पाच किलोमीटरमागे गावाच्या वेशीवरचे पाचशे मीटर चुकले तरी 90 टक्के भरतात; आणि पायी चालणारी माणसे त्याच पाचशे मीटरांत असतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा इशाऱ्यांचा. मर्यादा कटाक्षाने पाळणारा चालक घ्या. त्याच्या गाडीत खरा इशारा वाजण्याची वेळ क्वचितच येते. वाजतो तो बहुतेक वेळा यंत्रणेने मर्यादा खरीपेक्षा कमी धरल्यामुळे. म्हणजे चालक जितका शिस्तीचा, तितके त्याच्या वाट्याला येणाऱ्या इशाऱ्यांत खोट्यांचे प्रमाण जास्त. अंतराच्या टक्केवारीत ही गोष्ट दिसतच नाही.

माणसालाही पाट्या चुकतात, मग यंत्राकडून जास्त अपेक्षा का, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. ज्याची पाटी नजरेतून सुटली, त्याला हा इशारा खरोखर वाचवू शकतो, म्हणूनच मी या यंत्रणेच्या बाजूचा आहे. पण तो फायदा यंत्रणा चालू असेल तरच. इंजिन सुरू करताना ती दर वेळी आपोआप चालू होते आणि चालकाला ती बंद करता येते. खोट्या इशाऱ्यांना कंटाळलेला माणूस सीटबेल्ट लावता लावता ती बंद करू लागला, की खरा इशारा देणारी यंत्रणाही गेली. दुसरा आक्षेप असा की हा नुसता इशारा आहे, जबाबदारी चालकाचीच. काही गाड्यांत मात्र हाच आकडा क्रूझ कंट्रोलला पुरवला जातो. तिथे फाट्याची पाटी चुकून वाचली, तर महामार्गावरची गाडी मागच्या वाहनासमोर वेग कमी करू लागते.

म्हणून मोजायचे तर शंभर इशाऱ्यांपैकी खरे किती, हे मोजावे, आणि गावाच्या वेशी, फाटे, रस्त्याची कामे यांचे गुण वेगळे धरावेत. 17 सप्टेंबर 2023 ला वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा 30 मैलांवरून 20 वर आली. जुन्या नकाशावर चालणाऱ्या गाडीला हे कळायला मार्ग नाही. मर्यादा बदलणाऱ्या सरकारी खात्यानेच नवी नोंद त्याच दिवशी नकाशांपर्यंत पोचवायला हवी. आणि कॅमेरा व नकाशा यांचे जुळत नसेल, तेव्हा गाडीने अंदाजाने आकडा दाखवण्यापेक्षा ती जागा कोरी ठेवावी.