खोडकिडीचं औषध शेतात कसं तपासतात?

'अमुक औषध मारलं आणि पोंगेमर (खोडकिडीने पोंगा वाळणं) थांबली' एवढ्यावर विसंबू नका, मंडळी! चाचणीत उसाचे सारखे प्लॉट पाडतात, कुठल्या प्लॉटला कोणतं औषध हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात आणि एक प्लॉट मुद्दाम बिनऔषधाचा ठेवतात. माझ्या मते खरा साक्षीदार तोच. कारण कांड्या सुटल्या, पाऊस लागला की खोडकीड औषधाशिवायही ओसरते.

मोजणी हातानेच. वाळलेला पोंगा ओढायचा. अलगद निघाला आणि बुडाला कुजका वास आला, तर खोडकीडच. शंभर कोंबांत असे किती, ते नोंदवायचं. चाचणीतल्या औषधाचं उदाहरण घ्या: क्लोरॅन्ट्रॅनिलीप्रोल ०.४ टक्के दाणेदारची शिफारस हेक्टरी १८.७५ किलो आहे. तोडणीला टनेजही बघतात. पोंगे वाचले पण वजन वाढलं नाही, तर औषधाचा खर्च परवडत नाही.